डोमेनची यादी तपासतोयस? आधी वेग आवर

म्हापशातल्या होमस्टेवाल्यांसाठी शेकडो डोमेन नावं मोकळी आहेत का ते तपासायला स्क्रिप्ट लिहितोयस, झकास. फक्त सगळ्या रिक्वेस्ट एकदम सोडू नकोस. नवखे हमखास इथेच अडकतात.

– ४२९ (सर्व्हरचा 'फार रिक्वेस्ट येताहेत' असा कोड) आला की थांब. सोबत 'रिट्राय-आफ्टर' (किती वेळाने परत विचारायचं ते सांगणारी ओळ) असेल तर तेवढे सेकंद गप्प बस, नसेल तर दर खेपेला थांबायचा वेळ दुप्पट कर. तरीही रेटत राहिलास तर तुझा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ब्लॉक व्हायची पाळी येते.
– .कॉमसाठी हूइज (डोमेनची माहिती विचारायची जुनी पद्धत) सोड, आरडॅप (तिच्या जागी आलेली नवी) धर. हूइजची सक्ती २८ जानेवारी २०२५ ला उठली.
– आरडॅपकडून ४०४ ('सापडलं नाही') आला म्हणजे नाव मोकळंच असं नाही, राखीवही असतं. खात्री रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) कर.

आयपी बदलत राहायची युक्ती कोणीतरी शिकवेलच. ऐकू नकोस रे.