बाबांची पेटी आणि बाबांची वही

प्रश्न : ताई, नमस्कार. येत्या मार्गशीर्षात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. दर गुरुवारी बाबा ओसरीवर पेटी घेऊन बसायचे, अर्धी गल्ली गोळा व्हायची. घरात कोणी रुसलं की त्याच्या रुसव्यालाच चाल लावून गायचे. भाऊ म्हणतो, संध्याकाळी सभा ठेवू, पाच जणांची भाषणं आणि दोन मिनिटं मौन. बाबा त्या मौनात मुद्दाम खोकले असते! पण आम्ही हसलो तर नातेवाईक नावं ठेवतील. दुसरं म्हणजे, कपाटात त्यांची एक वही सापडली. कोणाला किती उसने दिले ते लिहिलंय, सगळे मिळून ४३ हजार. भाऊ म्हणतो, मागू या. पेटी तर तशीच पडून आहे, आमच्यात वाजवणारं कोणी नाही. काय करू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : सकाळचा विधी गुरुजी सांगतील तसा करा, त्यात मी पडत नाही. संध्याकाळ मात्र तुमची.

माझे मोठे काका असेच पेटीवाले. इतवारीत कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे, पण मन सगळं पेटीत. म्हणायचे, “आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, १९७१ मध्ये कुठं सैल केली. तोवर माझं लग्न होऊन गेलं, म्हणजे दुसरी बंदी!” हे काकूच्या देखत. काकू पोह्यांवर तर्री ओतता ओतता म्हणायची, “तुमची पेटी ऐकूनच घातली असंल बाप्पा.” सालं खरी आहेत, मी नंतर पाहिली. काकांच्या बाकीच्या गोष्टींची हमी देत नाही.

ते गेले तेव्हा आम्ही तुमचा भाऊ म्हणतो तशीच सभा घेतली. सहा जण बोलले. सहाही जण ‘दिलदार’ म्हणाले, ‘हसतमुख’ म्हणाले, आणि विनोद एकानंही सांगितला नाही. काकांची एक गोष्ट होती : गोंदियाच्या गाडीत एक तबलजी विनातिकीट चढतो. पुडी फाटलेल्या डग्ग्यात संत्री लपवलेली. तिकीट तपासनीस येतो, म्हणतो, वाजवून दाखव... इथवर मला येतं. शेवट घरात कोणालाच येत नाही. चुलतभावाला फोन केला, त्याला तर संत्रीही आठवत नव्हती.

म्हणून भाषणं नकोत. येईल त्यानं बाबांचा एकच किस्सा सांगावा, बाबा सांगायचे तसा, मधे थांबायचे तिथं थांबून. फसलेले विनोदसुद्धा. कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करा. नावं ठेवणारे ठेवतील. तेच लोक सगळ्यात मोठ्यानं हसतात, हे मी पाहिलंय. आणि पहिला किस्सा आईला सांगू द्या.

वहीचंही आईलाच विचारा. तुम्ही दोघा भावंडांनी परस्पर ठरवायचं काऊन? हातउसने पैसे बाबांच्या हातून गेले, पण महिन्याच्या शेवटी डाळीत पाणी कोणी वाढवलं असेल? आमच्या काकांनी भर मे महिन्यात घरचा कूलर शेजारच्या बाळंतिणीकडे नेऊन दिला होता. गल्लीनं काकांचं कौतुक केलं. काकू दुपारभर ओली चादर टांगून बसली, तिचं कौतुक कोणी केल्याचं आठवत नाही. आई म्हणाल्या मागा, तर मागा, त्यात लाज नाही. फक्त एक : दिल्या दिवसापासून तीन वर्षं उलटली असतील आणि मधे लेखी कबुली किंवा थोडी परतफेड झाली नसेल, तर कायद्यानं साधारणपणे दावा उरत नाही. तेव्हा जुन्या नोंदींवरून कोणाशी भांडू नका. माझा अंदाज विचाराल तर आई वही मिटून ठेवतील. पण ते त्यांनी ठरवायचं.

पेटीला मात्र वर्षश्राद्धाची वाट पाहू नका. पडून राहिली की भात्याच्या चामड्याला कसर लागते, उंदीर कुरतडतात, पितळी सुरांत धूळ बसून ते मुके होतात. आजच उघडा, भाता हलवून एकेक पट्टी दाबून पाहा. कुठली बोलत नाही, कुठली सोडल्यावरही ओरडत राहते, ते लिहून ठेवा आणि पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. त्या संध्याकाळी फोटोसमोर हार घालून ठेवू नका तिला. गुरुवारच्या मंडळींत वाजवणारा एखादा निघेलच.

आणि भावाला म्हणावं, मौन हवंच असेल तर तर्री-पोहे वाढल्यावर ठेव. तर्री झणझणीत असली की दोन मिनिटं कोणी बोलत नाही.