हात सुटला तर पुढे काय?

दोराविना केलेल्या चढाया, इमारतींवरचे स्टंट आणि उंचीची भीती यांबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये समज आहे की तीन मजल्यांपर्यंत दोराविना चढायला हरकत नाही, खरा धोका त्याच्या वर सुरू होतो. हे कितपत बरोबर?

अजिबात नाही. तीन मजले म्हणजे साधारण १० मीटर. तिथून पडलेला माणूस १.४ सेकंदात जमिनीवर येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. २० मीटरवरून हाच वेग ताशी ७० होतो. काँक्रीटवर हा वेग शून्यावर येण्यासाठी काही सेंटिमीटरच मिळतात, आणि हाडं मोडतात ती तिथे. बघणाऱ्याच्या पोटात ३०० मीटरवर गोळा येतो, पण शरीराचा हिशेब त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो.

दोराविना चढायचा शहाणा प्रकार म्हणजे बोल्डरिंग. त्यातली कृत्रिम भिंत चार-साडेचार मीटरची असते आणि खाली जाड गाद्या असतात. तरीही घोटे आणि मनगटं मोडतात, कारण नवखा माणूस पडताना हात मागे टेकवतो. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे सैल ठेवायचे, हात छातीशी घ्यायचे आणि पाठीवर लोळायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. बाहेरच्या दगडावर दोन मॅट शेजारी ठेवल्या तर त्यांच्या मधल्या फटीत पाय मुरगळतो. खाली उभा असलेला स्पॉटर पडणाऱ्याला झेलत नाही. तो फक्त त्याचं डोकं आणि पाठ मॅटवर येतील अशी दिशा देतो.

प्रश्न : फ्री क्लाइंबिंग आणि फ्री सोलो एकच ना?

नाही, आणि बातम्यांमध्ये हा घोळ कायम असतो. फ्री क्लाइंबिंगमध्ये वर सरकायचं ते हातापायांच्या जोरावर, पण दोर असतो आणि पडलं तर तो झेलतो. फ्री सोलोमध्ये दोरच नसतो.

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन या उभ्या कड्यावर दोराविना चढलेल्या अ‍ॅलेक्स हॉनल्डला भीतीच वाटत नाही, त्याचा मेंदूच वेगळा आहे, असं वाचलं. मग इतरांना सरावाने काही साधेल का?

मेंदूची गोष्ट अर्धी खरी आहे. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या वैद्यकीय विद्यापीठात त्याचं एमआरआय स्कॅन झालं. अस्वस्थ करणारी चित्रं दाखवूनही अमिग्डाला, म्हणजे भीतीच्या प्रतिसादात महत्त्वाचा असलेला भाग, जवळजवळ शांत राहिला. पण तो जन्मतःच असा होता की वर्षानुवर्षं उंचीवर राहून झाला, हे एका स्कॅनवरून सांगता येत नाही. लोक मात्र ‘मलाही भीती वाटत नाही’ याचा परवाना म्हणून त्याचा दाखला देतात.

आमच्या मते त्या चढाईतली शिकण्यासारखी गोष्ट तिच्या आधीच्या तयारीत आहे. ३ जून २०१७ रोजी त्याने ‘फ्रीरायडर’ हा सुमारे ९०० मीटरचा मार्ग ३ तास ५६ मिनिटांत पूर्ण केला. त्याआधी वर्षभराहून अधिक काळ तो त्याच मार्गावर दोर लावून सराव करत होता. सैल दगड काढून टाकले होते, अवघड टप्प्यांतली हातापायांची प्रत्येक हालचाल पाठ केली होती. जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवरच्या सर्वांत अवघड टप्प्यात अंगठ्यापुरती एक बारीक पकड आहे आणि तिच्यावरून डावा पाय झोकून समोरच्या भिंतीला लावायचा आहे. हे त्याने दोरावर पुन्हा पुन्हा घोटलं होतं.

तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये तो सुरुवात करून परत फिरला, आणि तोही या टप्प्यावरून नाही, तर खालच्या स्लॅबवरून, म्हणजे कलत्या गुळगुळीत दगडावरून. काठिण्याच्या मोजपट्टीवर स्लॅब सोपी आहे. पण तिथे धरायला जवळजवळ काही नाही, फक्त बुटाच्या रबराचं घर्षण. अवघड पकड घट्ट धरल्याचं बोटांना कळतं. स्लॅबवर पाय टिकतोय की नाही हे तो घसरेपर्यंत कळत नाही, आणि दगडाचं तापमान, ओल किंवा तळव्याखालचा वाळूचा कण एवढ्याने गणित फिरतं.

आणि सरावालाही मर्यादा आहेच. जॉन बाकर हा कित्येक दशकं दोराविना चढणारा, आपल्या पिढीतला नावाजलेला क्लाइंबर. ५ जुलै २००९ रोजी कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळ एकट्याने चढताना पडून त्याचा मृत्यू झाला.

प्रश्न : कठड्याशी उभं राहिलं की माझे पाय लटपटतात, आणि क्षणभर उडी मारावीशीही वाटते. हे काय आहे?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभं असताना आपण सतत बारीकसे डोलत असतो. डोळे, आतला कान आणि तळवे मिळून तो डोल सावरतात. समोर दोन-तीन मीटरवर भिंत असेल तर डोकं थोडं हललं तरी ती सरकल्यासारखी दिसते आणि मेंदू लगेच तोल दुरुस्त करतो. कड्यावर सगळ्यात जवळची वस्तू शंभर मीटरवर असते. डोकं हललं तरी दृश्य हललेलं जाणवत नाही, म्हणून डोल वाढतो. उपाय सरळ आहे : जवळच्या स्थिर वस्तूकडे बघा, तिला हात लावा किंवा खाली बसा. सरकत्या ढगांकडे बघू नका, आणि दुर्बिणीतून किंवा फोनच्या पडद्यातून तर मुळीच नको. काठावरची सेल्फी वाईट ठरते ती यामुळेच : तोल सांभाळणारी नजर माणूस स्वतः होऊन पडद्यात अडकवतो.

भिंतीवर चढताना पाय थरथरायला लागला की क्लाइंबर म्हणतात, ‘शिलाई मशीन सुरू झालं’. टाच वर उचलून पोटरीवर फार वेळ भार दिला की हे होतं. टाच खाली सोडा, सावकाश श्वास सोडा, बहुतेक वेळा थांबतं.

उडी मारण्याच्या विचाराबद्दल २०१२ मध्ये अमेरिकेत ४३१ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मनात आत्महत्येचा विचार कधीच आला नव्हता, त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिक जणांना असं कधी ना कधी वाटलं होतं. संशोधकांचा तर्क असा : शरीर आधीच दचकून मागे होतं आणि मेंदू मागाहून त्याचा अर्थ लावतो, ‘म्हणजे मला उडी मारायची होती की काय!’ मात्र असा विचार उंचीवर नसतानाही येत असेल तर तो वेगळा विषय आहे. जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी लगेच बोला.

प्रश्न : गगनचुंबी इमारतींवर चढणारे खरंच दोराविना चढतात का?

काही वेळा चढतात, काही वेळा नाही. फ्रेंच क्लाइंबर अ‍ॅलां रोबेरने दोराविना अनेक इमारती केल्या आहेत, पण मार्च २०११ मध्ये बुर्ज खलिफावर तो दोर आणि हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) लावून सुमारे सहा तासांत चढला. तैपेई १०१ वरही २००४ मध्ये त्याच्याकडे दोर होता. जॉर्ज विलिगने २६ मे १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण मनोरा चढण्यासाठी खिडक्या धुणाऱ्या यंत्राच्या खाचेत बसतील अशी पकडसाधनं स्वतः बनवली होती. वजन आलं की ती खाचेत घट्ट बसत. वर पोचायला साडेतीन तास लागले आणि दंड झाला १ डॉलर १० सेंट, मजल्यामागे एक सेंट. (इतका स्वस्त दंड पुढे कोणाला मिळेल अशी आशा धरू नये.)

इमारतीचा धोका दगडापेक्षा वेगळा असतो. दगडावर प्रत्येक पकड निराळी आणि मध्ये टेकायला जागा असते. इमारतीवर एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, म्हणजे भार त्याच स्नायूंवर. मूठ सतत आवळलेली राहिली की हाताच्या पुढच्या भागातला रक्तप्रवाह अडतो, हात दगडासारखा टणक होतो आणि बोटं आपोआप उघडतात. याला ‘पंप होणं’ म्हणतात. बाहेरचे सजावटीचे पत्रे माणसाचं वजन पेलण्यासाठी लावलेलेच नसतात. काचेवर दव आणि धूळ असते. सक्शन कपच्या कडेखाली धूळ किंवा काचेचा सांधा आला की हवा शिरते.

वाऱ्याचं गणितही लक्षात घ्या. सेकंदाला १० मीटर वाऱ्याने अंगावर साधारण ४ किलो वजनाएवढा रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे १६ किलो. आणि कोपऱ्यावर वारा सलग नसतो, झोतांनी येतो.

प्रश्न : दोन कड्यांमधल्या पट्टीवर चालणारे बांधलेले असतात का?

हायलाइनवर बहुतेक जण बांधलेले असतात. साधारण २५ मिलिमीटर रुंदीची मुख्य पट्टी आणि तिच्याखाली स्वतंत्र अँकरवर, म्हणजे दगडात पक्क्या केलेल्या आधारावर, सैल सोडलेली दुसरी, अशी रचना असते. दोन्ही पट्ट्या धातूच्या रिंगांमधून ओवलेल्या असतात आणि त्या रिंगांना हार्नेसचा दोर. पट्टी कड्याच्या धारेला घासू नये म्हणून खाली संरक्षक आवरण घालतात. ते सरकलं आहे का हे बघायचा कंटाळा केला की घोटाळा होतो. १९७४ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांमध्ये सुमारे ४०० मीटरवर तारेवर चाललेला फिलीप पती मात्र बांधलेला नव्हता.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा गच्चीच्या काठाला लटकून व्हिडिओ करतो. व्यायाम करतो, दंडात ताकद आहे, म्हणून तो ऐकत नाही. काय सांगू?

मृत्यूची भीती घालून फारसं साधणार नाही, ताई. ती त्याला माहीत आहे आणि त्यातच त्याला मजा वाटते. ताकदीबद्दलच बोला. बारवर वीस पुल-अप काढणं आणि सपाट काठावरून वर येणं यांत फरक आहे. बारभोवती बोटं पूर्ण वळतात, अंगठा कुलूप लावतो. काठावर बोटं नुसती टेकलेली असतात. हनुवटी काठापर्यंत आणली तरी खेचण्याचं रूपांतर ढकलण्यात करावं लागतं, आणि पायाला आधार नसेल तर दमलेल्या हातांना नेमकं हेच जमत नाही. शिवाय लटकण्यात ताकद आधी खर्च होते, परतायचं असतं शेवटी.

चीनमधला वू योंगनिंग असं काठाला लटकण्यासाठीच प्रसिद्ध होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये चांगशा शहरातल्या ६२ मजली इमारतीच्या काठावर त्याने पुल-अप काढले, परत वर यायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही आणि तो पडला. समोर त्याचाच कॅमेरा चालू होता. पुढे २०१९ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने त्याचे व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीला अंशतः जबाबदार धरून त्याच्या आईला ३०,००० युआन द्यायला लावले.

मुलाला क्लाइंबिंगच्या भिंतीवर घेऊन जा. तिथे दोर लावलेला असताना, आधी दमेपर्यंत चढून मग काठावरून वर यायला सांगा. किती वेळा जमतं ते त्यालाच मोजू द्या.

प्रश्न : बांधकामाचा जाड नायलॉनचा दोर कमरेला बांधून चढलं तर चालेल ना?

नाही. कमरेला बांधून लटकलं की दोर बरगड्यांखाली सरकतो आणि काही मिनिटांत श्वास घेणं अवघड होतं. मांड्यांना पट्टे असलेलं हार्नेस त्यासाठीच असतं. दुसरं म्हणजे, जाड असला तरी तो दोर धक्का शोषेल याची खात्री नाही. क्लाइंबिंगच्या डायनॅमिक (ताणून धक्का शोषणाऱ्या) सिंगल दोराची चाचणी ८० किलो वजन पाडून घेतात. पहिल्या धक्क्यात १२ किलोन्यूटनपेक्षा (साधारण १,२०० किलो वजनाएवढ्या ताणापेक्षा) जास्त बल यायला नको, आणि असे किमान पाच धक्के त्याने सोसायला हवेत. कमी ताणणारा स्टॅटिक दोर रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला चालतो, लीड करताना, म्हणजे दोर खालून सोबत नेत पुढे चढताना नाही. स्लिंगने (शिवलेल्या पट्टीच्या फासाने) अँकरला बांधून अँकरच्या वर चढायचंही नाही. स्लिंग जवळजवळ ताणतच नाही, आणि गाठ मारलेल्या डायनिमाच्या (एका मजबूत कृत्रिम धाग्याच्या) स्लिंग छोट्याशा पडण्यानेही प्रयोगशाळेत तुटल्या आहेत.

कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन पेलतो, पण तोंड उघडं राहिलं किंवा तो आडवा फिरला की ही हमी ७ वर येते. म्हणून लॉक फिरवल्यावर दाबून बघायचं.

आणि साधनं चांगली असली तरी एकमेकांना तपासायचं : हार्नेसचं बकल, दोराची आठाच्या आकाराची गाठ, तिच्याबाहेर उरलेली किमान १० सेंटिमीटर शेपटी, बिले साधन (खालचा जोडीदार ज्यातून दोर सोडतो-अडवतो ते), कॅराबिनरचं लॉक. नामवंत क्लाइंबर लिन हिल १९८९ मध्ये फ्रान्समध्ये बुटाची नाडी बांधायला वळली आणि दोराची गाठ अर्धवटच राहिली. वर पोचून दोरावर वजन टाकताच ती सुमारे २२ मीटर खाली कोसळली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. अमेरिकी क्लाइंबर ब्रॅड गोब्राइट वाचला नाही. २०१९ मध्ये मेक्सिकोत जोडीदारासोबत रॅपल करताना तो दोराच्या टोकावरून निसटला, कारण टोकाला गाठ नव्हती. ती गाठ मारायला दहा सेकंद लागतात, आणि दोर खाली टाकण्याआधीच मारायची असते.