गोंडी मुलांना तपासणीला पाठवण्याआधी

ताई, तुमच्या वर्गातली दोन गोंडी मुलं काही विचारलं की खाली बघतात, बोलत नाहीत, आणि मुख्याध्यापक म्हणतात बुद्धिमत्ता तपासणीला पाठवा. हे वाचून राहवलं नाही. नागपुरातच माझ्या वर्गात गडचिरोलीकडची अशी मुलगी होती. मोठ्यांच्या नजरेला नजर न देणं तिच्या घरी अदब मानत. शाळेत त्यालाच "लक्ष नाही" म्हणायचे.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो तपासणीच्या कार्यालयाने. सगळे प्रश्न पुस्तकी मराठीत, चित्रं लिफ्टची नि टोस्टरची, आणि आईला बाहेर बसवलेलं. गोंडी जाणणारं कुणी मागितलं तर "तशी सोय नाही." शेरा मात्र लगेच मिळाला: आकलन मंद. तो बदलून घ्यायला किती खेटे घातले! तोवर पोरगी पुढच्या शाळेत गेली, तिथे कागद बघूनच तिला मागच्या बाकावर बसवलं. हीच पोरगी गावी आजीसोबत मोहफुलं मोजताना पायली-कुडवाचा हिशोब तोंडी करायची.

वऱ्हाडी बोलणाऱ्या लेकराला पुस्तकातली मराठी निदान अंदाजाने कळते. गोंडी पडली द्राविडी कुळातली, तेवढाही आधार नाही. 2011च्या जनगणनेत ती बोलणारे जवळपास 30 लाख आहेत. आणि हे नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने, 1702च्या सुमारास. इथे तपासणीला गोंडीचा एक माणूस मिळू नये, याचा मला आजही संताप येतो.

मी शिक्षिका आहे, तज्ज्ञ नाही. खरी अडचण असेल तर तपासणी हवीच. पण आधी कान-डोळे बघून घ्या. मग गोंडी जाणणारा माणूस सोबत हवाच, असं लेखी मागा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा म्हणतं, ते पत्रात लिहा. वर्गात त्या दोघांना आधी आपसात गोंडीत बोलू द्या, उत्तर नंतर मागा. मार्च-एप्रिलात मुलं दिसली नाहीत तर मोहफुलाचा हंगाम आहे का बघा. पालकसभा शक्यतो रविवारी ठेवा, इतर दिवशी रोजी बुडते.

आणि संमतीच्या कागदावर आईबापाचा अंगठा घाईने घेऊ देऊ नका. त्यात काय लिहिलंय ते त्यांच्या भाषेत कुणाकडून तरी आधी समजावून द्या.