सहावी ते आठवीच्या मराठीच्या तासाला पोरं रमतील असं काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच सहावी, सातवी, आठवीचं मराठी वाट्याला आलंय, वर्गात चाळीसेक मुलं आहेत, प्रोजेक्टर नाही, आणि धडा वाचून प्रश्नोत्तरं लिहून देईपर्यंत निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघत असतो. मी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, एकोणीस वर्षं हेच वर्ग घेतोय. पहिली सहा-सात वर्षं माझीही पोरं खिडकीबाहेरच बघत होती. तेव्हा ताई, फार मनाला लावून घेऊ नका.

शब्दकोडी, तक्ते, भेंड्या सगळं करून बघितलं. त्या तासापुरती मजा येते, वहीत काही उतरत नाही. पुढं ध्यानात आलं की पोरगं जे लिहितं ते सरांशिवाय आणखी कुणी वाचणार असेल, तर ते स्वतःहून खाडाखोड करतं, शेजाऱ्याला विचारतं, पुन्हा लिहितं. नुसतं सरांसाठी असेल तर पान भरून देतं. खाली जे सांगतोय ते सगळं यातूनच निघालंय.

आधी चुकलेलं सांगतो. पूर्वी एका शाळेत आम्ही दरवर्षी हस्तलिखित काढायचो. अक्षर चांगलं असलेल्या चार मुली सगळ्यांचं लेखन उतरवून काढायच्या, मुखपृष्ठावर मोर ठरलेला. तपासणीच्या दिवशी टेबलावर, दुसऱ्या दिवशी कपाटात, वर कुलूप. ज्याची कविता आत होती त्यालाही ते पुन्हा हातात मिळालं नाही. त्यात मीही होतो.

आता चाललेलं. माझा डी.एड.चा दोस्त सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यात शिकवतो. आम्ही दोघांनी ठरवलं की त्याच्या सातवीनं आणि माझ्या सातवीनं एकमेकांना पोस्टकार्डं लिहायची. पन्नास पैशांचं कार्ड, चाळीस पोरांचे वीस रुपये. यापेक्षा स्वस्त शैक्षणिक साहित्य मला तरी माहीत नाही. आमच्याकडं द्राक्षबागा. आमच्या एकानं जुलैत लिहिलं, ‘आमची बाग एप्रिलमध्ये खरडली. आता दसऱ्याच्या आसपास गोडी छाटणी.’ तिकडून उत्तर आलं, ‘बाग कुणी खरडली? जनावरांनी खाल्ली का?’ वर्ग हसला, पण त्या पोराची पंचाईत झाली. खरडछाटणी, म्हणजे वेलीची एप्रिलातली छाटणी (दसऱ्याकडची फळासाठीची, ती गोडी छाटणी), ही काय समजावून सांगायची गोष्ट आहे, असं त्याला आयुष्यात कधी वाटलंच नव्हतं. कार्डावर जागा आठ-दहा ओळींची. त्यानं वहीत तीन वेळा कच्चं लिहिलं, प्रत्येक वेळी एकेक वाक्य कापलं, आणि शेवटी काडी म्हणजे काय, ती कुठं छाटतात, का छाटतात हे सहा ओळींत बसवलं. वर्षभर सारांशलेखन शिकवून जे जमलं नव्हतं ते असं झालं.

उलटंही झालं. तिकडच्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘भाताच्या लावणीला मी पण खाचरात उतरले, आजीचं इरलं फाटलं.’ आमच्या दुष्काळी टापूत इरलं कुणी बघितलेलं नाही. एकाला ते जनावर वाटलं, एकाला लुगडं. मी सांगितलं नाही. विचारा म्हटलं. पुढच्या कार्डावर चित्रच आलं, डोक्यावरून पाठीवर येणारं, खाली ‘यात पाऊस लागत नाही आणि हात मोकळे राहतात’. व्याख्या म्हणून यात काय कमी आहे?

यातूनच शब्दांची वही निघाली. मागच्या बाकाजवळ खिळ्याला दोरीनं अडकवलेली दोनशेपानी वही. घरात ऐकलेला, पुस्तकात नसलेला शब्द त्यात लिहायचा, अर्थ लिहायचा, एक वाक्य करायचं आणि कुणाकडून ऐकला ते लिहायचं. ओलांडा (द्राक्षवेलीची आडवी फांदी), विरळणी (घडातले जादा मणी काढणं), मोटेचे शब्द, चुलीचे शब्द, एका आजीचे सगळे वाळवणाचे शब्द. आपण बोलतो ती भाषा अशुद्ध असं पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि ते बऱ्याचदा आपणच बसवलेलं असतं. ‘गेल्तो’ म्हणणाऱ्या पोराला तोंड उघडायच्या आधीच ‘गेलो होतो म्हण’ असं सांगितलं की ते पुन्हा हात वर करत नाही. मी आता दोन्ही फळ्यावर लिहितो. हे घरचं, हे परीक्षेचं. दोन्ही आली पाहिजेत.

सूचनालेखनाला एक खेळ आहे. ‘चहा कसा करावा’ हे प्रत्येकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं ते वर्गात जसंच्या तसं करून दाखवायचं. रिकामं पातेलं, साखरेऐवजी वाळू, चहापुडीऐवजी माती. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘पातेलं ठेवा. पाणी घाला.’ करणाऱ्या बहाद्दरानं पातेलं स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, कारण कुठं ठेवा ते लिहिलंच नव्हतं. त्या दिवशी ‘आधी’, ‘नंतर’, ‘तोपर्यंत’ हे शब्द कशाला लागतात ते शिकवावं लागलं नाही. मग ‘बेदाणा कसा होतो’ घेतलं. ‘द्राक्षं बुडवून रॅकवर टाकायची’ असं सगळ्यांनी लिहिलं. मी विचारलं, पाण्यात बुडवायची? अख्खा वर्ग ओरडला, “पाण्यात न्हाई ओ सर, डिपिंगमध्ये!” डिपिंग म्हणजे काय, यावर मात्र शांतता. घरी विचारून आले तेव्हा पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल हे शब्द आले. तो मजकूर तसाच जावळीला गेला. तुमच्याकडं द्राक्षं नसतील तर गुऱ्हाळ घ्या, हळद शिजवणं घ्या, घरचं काहीही.

शुद्धलेखनाला पाट्या. गावातल्या पाट्यांवर काय लिहिलंय ते वहीत उतरवून आणायचं. ‘येथे दुध मिळेल’ ही पाटी हमखास सापडते. तिथून सुरू करा. सुट्टा शब्द ‘दूध’, दू दीर्घ, पण ‘दुधात’ म्हटलं की ऱ्हस्व. फूल, फुलाला. गरीब, गरिबाला. मूळ शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना तो बहुतेक वेळा ऱ्हस्व होतो, हा नियम पोरं पाट्यांवरूनच काढतात. एक मात्र आधी बजावून सांगा, पाटीला हात लावायचा नाही. आमच्या एका हुशारानं खडूनं डेअरीची पाटी दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी डेअरीवाले मामा थेट ऑफिसात. चहा पाजून मिटवलं. मामांनी पाटी अजून बदललेली नाही.

आणि वह्या तपासताना सगळं लाल करू नका. या आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ, पुढच्या आठवड्यात फक्त विरामचिन्हं. बाकीच्या चुका दिसल्या तरी हात आवरा. हे मला सगळ्यात जड गेलं.

विरामचिन्हांसाठी एकच शब्द घेतो, ‘आलास’. फळ्यावर चार वेळा लिहितो: पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आणि नुसते तीन टिंब. चारजणांनी म्हणून दाखवायचं आणि कोण कुणाला म्हणतंय ते वर्गानं ओळखायचं. आई, उशिरा आलेल्या गड्याला मालक, मुंबईहून आलेल्या मामाला आजी. तीन टिंबांचं कुणालाच जमत नव्हतं. शेवटी मागच्या बाकावरचा, एरवी गप्प असणारा एकजण उठला आणि मान खाली घालून नुसतं “आलास...” म्हणाला. कुणी ओळखायचा प्रश्नच उरला नाही. वर्ग एकदम गप्प झाला.

नाटकाचं तर आम्ही सांगलीकरांनी बोलूच नये, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच मराठी नाटकाची सुरुवात केली. पण ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन बहुधा दिवाळीच्या सुट्टीत अडकतो, म्हणून सुट्टीवरून आल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही गद्य धड्यातला एखादा प्रसंग संवादात उतरवतो. पाठांतर नाही, वेशभूषा नाही, हातात कागद घेऊन वाचायचं. प्रेक्षक चौथीचा वर्ग. चौथीच्या पोरांना कळलं नाही तर ती चुळबुळ करतात, त्यांच्याइतका कडक परीक्षक नाही.

कविता लिहा म्हटलं की वर्ग गार पडतो. ओवी म्हटलं की पडत नाही, कारण आज्जी घरात असते. आधी आज्जीकडून एक ऐकून यायचं, मग त्याच चालीवर आपली. एकीनं केली होती:

दुसरी माझी ओवी गं, सायकलीच्या चाकाला
पंक्चर झाली वाटंत, उशीर झाला शाळंला

त्या दिवशी ती खरंच उशिरा आली होती. ओवी म्हणून दाखवल्यावर कोण काय बोलणार?

साधनांचं विचारलंय. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मी फोनवर अंक उघडतो, दोन पानं निवडतो आणि दहा झेरॉक्स काढतो. चौघांत एक पुरते. मराठी विश्वकोशही आता ऑनलाइन आहे. त्याचं काम साताऱ्यातल्या वाईत चालतं हे सांगितलं की पोरांना भारी वाटतं, एवढं मोठं काम आपल्या शेजारी! विश्वकोशातली एखादी लहान नोंद वाचायची आणि तशीच आपल्या गावावर लिहायची, ‘मी’ आणि ‘आम्हाला’ न वापरता. आठवीला हे जमतं, सहावीला नाही, तिथं वेळ घालवू नका. दीक्षा या सरकारी ॲपवर धड्यांचं साहित्य आहे, पण माझ्या वर्गात ते फारसं चाललं नाही.

सहल महाबळेश्वरला नेणार असाल तर भिलारला दोन तास थांबाच. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, आत जाऊन बसायचं आणि वाचायचं. आम्ही नेलं तेव्हा पोरांना वाटलं स्ट्रॉबेरी खायला आलोय. ती खाल्लीच. पण नंतर एक पोरगा एका घराच्या ओट्यावर असा वाचत बसला की गाडी सुटायच्या वेळी शोधून आणावा लागला. सहलीवर निबंध लिहा एवढं मात्र सांगू नका. पुस्तक तिथंच अर्धं सोडून आलेल्यानं पुढं काय झालं असेल ते लिहायचं, एवढंच सांगितलं होतं.

आता तुमची खरी अडचण, जी तुम्ही लिहिली नाहीत पण मला माहीत आहे: हे सगळं करताना पोर्शन कसा संपवायचा आणि मुख्याध्यापकांना काय दाखवायचं. सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे लेखी परीक्षेबाहेरच्या वर्गातल्या कामाचे, आहेतच. त्यात तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प हे रकाने आपण बऱ्याचदा अंदाजानं भरतो. नाट्यवाचन तोंडी कामात टाका, शब्दांची वही प्रकल्पात, पोस्टकार्ड उपक्रमात. वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि नोंदी खऱ्या होतात. मी आठवड्यातला एकच तास यासाठी ठेवतो, बाकी चार-पाच तास तुमच्यासारखेच, धडा आणि प्रश्नोत्तरं.

सगळं एकदम सुरू करू नका. पोस्टकार्डांनी सुरुवात करायची असेल तर दुसऱ्या तालुक्यातली, वेगळ्या पिकापाण्याची शाळा गाठा, शेजारच्या गावची नको, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. आणि पोस्टात आठवडाभर आधी सांगून ठेवा. गावच्या पोस्टात चाळीस कार्डं एकदम मिळत नाहीत, आमच्या पोस्टमास्तरांनी पहिल्या वर्षी सातच काढून दिली होती.