पांढऱ्या टोपीतून वीज कशी जाते?

प्रश्न : सर, हिंगणा रोडवर आमचं गॅरेज आहे. बीएस-६ गाडीचा निकामी ऑक्सिजन सेन्सर बाबांनी कापून दाखवला. आत चिनीमातीसारखी पांढुरकी टोपी निघाली. विजेच्या खांबावर चिनीमाती वीज अडवायलाच लावतात ना? मग ही टोपी काम कशी करते?
– डिप्लोमाची एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : खांबापर्यंत विचार नेलास, फार बरं वाटलं. ही टोपी झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडची. त्यात मुद्दाम इट्रियमचं ऑक्साइड मिसळतात. झिर्कोनियमच्या आयनावर, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूवर, ४ धनभार, इट्रियमच्या आयनावर ३. दोन झिर्कोनियमच्या जागी दोन इट्रियम बसले की दोन धनभार कमी पडतात, आणि हिशेब जुळायला स्फटिकातली ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. हा बिंदुदोष, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतली एका जागेपुरती उणीव. आकडे सरकवायच्या चौकटीत एक घर मोकळं असतं म्हणून बाकीचे हलतात, तसंच हे. मात्र इथे वीज इलेक्ट्रॉन नेत नाहीत, ऑक्सिजनचे आयन नेतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असल्याच मिश्रणाचे दिवे केले होते. रिकाम्या जागांचं हे कारण जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल वाग्नर यांनी १९४३ मध्ये मांडलं.

शेजारच्या जागेत उडी घ्यायला आयनाला उष्णता लागते. आपल्या मे महिन्यातले ४५ अंश त्याला पुरत नाहीत, टोपी ३०० अंशांच्या वर तापावी लागते. म्हणून आत हीटर. टोपीच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं. पेट्रोल जास्त झालं की धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरतच नाही आणि ०.८ ते ०.९ व्होल्ट मिळतात. हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास.

मग इट्रियम भरपूर घालावं का? नाही! वर्गात मी इथे नेहमी थांबायचो. इट्रियम ऑक्साइड साधारण ८ मोल टक्के (वजनाने नव्हे, कणांच्या संख्येने मोजलेले टक्के) असताना वाहकता सर्वांत जास्त असते, पुढे ती घटते. रिकाम्या जागा वाढतात, पण त्या आजूबाजूच्या आयनांशी जखडल्या जाऊन सहज हलेनाशा होतात. दोष मोजून काम भागत नाही, मोकळे किती ते पाहावं लागतं.

दोषामुळे वीज वाहण्याचं दुसरं उदाहरण निकेल ऑक्साइडचं, पण त्याची तऱ्हा वेगळी. शुद्ध असताना ते हिरवं आणि जवळजवळ विद्युतरोधक. जास्तीचा ऑक्सिजन शिरला की निकेलच्या जागा रिकाम्या पडतात, रंग काळा होतो आणि वीज वाहू लागते. तिथे आयन जागीच राहतात, धनभार एका निकेलवरून दुसऱ्यावर जातो.

बाबांचा मल्टीमीटर गार टोपीला लावलास तर काहीच वाहत नाही असं दिसेल. चार तारांचा चांगला सेन्सर असेल तर हीटरच्या दोन तारांमध्ये मात्र काही ओहम मिळतील. आधी ते तपास.