एअरगनच्या ओ-रिंगचे योग्य माप आणि मटेरियल कसे निवडावे?

तुमच्या पीसीपी रायफलमधली (आधीच भरून ठेवलेल्या उच्च दाबाच्या हवेवर चालणाऱ्या एअरगनमधली) हवा रात्रभरात निघून जाते, जुनी ओ-रिंग (हवा अडवणारी गोल रबरी कडी) चपटी झाली आहे आणि दिसायला तशीच असलेली नवी रिंग बसवूनही गळती थांबलेली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. नवी रिंग केवळ नजरेने जुळवून घेतली असेल, तर दोष बहुधा मापातच आहे.

दीर्घकाळ दाबाखाली राहिलेली रिंग आपला मूळ आकार गमावते, त्यामुळे तिचे माप घेऊन नवी रिंग मागवणे फसवे ठरते. बंदुकीचा सुट्या भागांचा तक्ता मिळत असेल तर त्यातील माप प्रमाण मानावे. नसेल तर व्हर्निअर कॅलिपरने रिंग ज्या खाचेत बसते ती खाच आणि तिच्यासमोरची भिंत मोजावी. जुन्या रिंगेचा उपयोग पडताळणीपुरता करावा. ती एका जागी कापून सरळ केली, लांबीला ३.१४ ने भागले आणि आलेल्या संख्येतून जाडी वजा केली की आतील व्यास मिळतो. उदाहरणार्थ, लांबी ३१.४ मिलिमीटर आणि जाडी २ मिलिमीटर असेल, तर आतील व्यास ८ मिलिमीटर.

माझ्या मते व्यासापेक्षा जाडीतली चूक अधिक महागात पडते. व्यास किंचित कमी असेल तर रिंग थोडी ताणून बसते आणि तो ताण साधारण पाच टक्क्यांच्या आत असेल तर चालून जाते, जाडीला मात्र अशी सवलत नाही. इंची मापातील १.७८ मिलिमीटर जाडीची आणि मेट्रिक मापातील २ मिलिमीटर जाडीची रिंग हातात घेतली तर फरक जाणवतही नाही. पण खाचेचा तळ आणि समोरची भिंत यांत १.७ मिलिमीटर अंतर असेल, तर २ मिलिमीटरची रिंग १५ टक्के दाबली जाते आणि हवा धरून ठेवते, तर १.७८ ची रिंग जेमतेम साडेचार टक्के दाबली जाऊन गळत राहते. याउलट, सरकणाऱ्या भागावर गरजेपेक्षा जाड रिंग घातली तर घर्षण वाढते आणि ती लवकर झिजते. म्हणून एकच माप लिहून न मागवता आतील व्यास आणि जाडी ही दोन्ही मापे लिहून मागवावीत.

मटेरियलच्या बाबतीत, बहुतेक जागी नायट्राइल रबर पुरेसे असते, मात्र त्याची कठीणता पाहावी लागते. ७० शोर (रबराची कठीणता मोजण्याचे माप; आकडा जितका मोठा तितके रबर कठीण) हा नेहमीचा दर्जा आहे; २०० बार किंवा त्याहून अधिक दाबाच्या जागी मऊ रिंग धातूच्या फटीत ढकलली जाते आणि तिची कड कुरतडल्यासारखी दिसू लागते. तुमच्या जुन्या रिंगेवर अशी खूण असेल तर ९० शोरची रिंग घ्या. छर्रा ज्यातून सुटतो त्या नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे रिंग वारंवार घासली आणि दाबली जाते, तिथे पॉलियुरेथेन अधिक टिकते. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकीत साधे नायट्राइल वायू शोषून फुगते आणि बाहेर काढल्यावर काही वेळाने पुन्हा आकसते, त्यामुळे तिथेही पॉलियुरेथेन बरे. ईपीडीएम हे दुसऱ्या प्रकारचे कृत्रिम रबर मात्र टाळावे, कारण खनिज तेल लागताच ते फुगते.

रिंग काढण्यापूर्वी बंदुकीत छर्रा नाही याची खात्री करून सगळी हवा सोडून द्यावी. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आला तरी रेग्युलेटरच्या (हवेचा दाब कमी करून स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) पुढच्या कप्प्यात दाब अडकलेला असू शकतो, हे विसरू नये. खाचेतून रिंग उचलण्यासाठी पोलादी टोच्या वापरू नका. खाचेच्या तळावर पडलेला बारीक ओरखडासुद्धा नव्या रिंगेला गळायला लावतो, म्हणून लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी बरी. नवी रिंग आट्यांवरून सरकवायची असेल तर आट्यांवर टेप गुंडाळावी, कारण त्यांच्या धारेने रबर कापले जाते. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. खनिज तेल किंवा साधे ग्रीस उच्च दाबाच्या हवेत पेट घेऊ शकते, त्यामुळे पीसीपीच्या हवेच्या मार्गात ते कधीही वापरू नये.

एवढे करूनही गेज उतरत राहिला, तर जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहा. बुडबुडे कुठेच दिसले नाहीत आणि हवा नळीतून निघत असेल, तर दोष ओ-रिंगेत नसून फायरिंग व्हॉल्व्हच्या (चाप ओढल्यावर नळीत हवा सोडणाऱ्या झडपेच्या) बैठकीत आहे.