दहावीच्या प्रयोगवहीत मित्राची निरीक्षणे उतरवून काढली, तर ती कॉपी ठरते का?

उत्तर: होय, ठरते. विज्ञानाच्या 100 गुणांपैकी 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. हे 20 गुण शाळेच्याच हाती असल्यामुळे ‘तेवढे चालते’ असा समज रूढ झाला आहे, आणि खरे सांगायचे तर काही शिक्षकही त्याकडे काणाडोळा करतात.

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग घ्या. पडद्यावरची मेणबत्तीची ज्योत नेमकी कुठे स्पष्ट झाली, हे प्रत्येकाच्या नजरेला थोडे वेगळे दिसते, त्यामुळे 10 सेंटिमीटरच्या भिंगासाठी एकाचे उत्तर 9.7 आणि दुसऱ्याचे 10.2 येणे अगदी स्वाभाविक असते. पाच जणांच्या वह्यांत दशांशापर्यंत सारखेच आकडे, तेही एकाच जागी केलेल्या खाडाखोडीसह, दिसले की तपासणाऱ्याला वेगळा पुरावा लागत नाही. आकडा ‘चुकला’ म्हणून खोडून पुस्तकी उत्तर लिहिणे हाही अप्रामाणिकपणाच आहे. त्याऐवजी चूक होण्याचे संभाव्य कारण दोन ओळींत लिहावे.

मित्राकडून कृती समजून घेणे, आकृती कशी काढायची ते विचारणे, यात काहीच गैर नाही. ज्या दिवशी गैरहजर होतात, त्या दिवसाचा प्रयोग शिक्षकांना विचारून पुन्हा करून घ्या. तेही जमले नाही, तर ‘निरीक्षणे गटातील विद्यार्थ्याची’ असे शिक्षकांना सांगून वहीत स्पष्ट नोंदवा. एखादा गुण कदाचित जाईल.